शिलाई मशीन नंतर, आधी गेटवर कोण असेल ते ठरवा

तुम्ही चौघी मैत्रिणी येरवडा महिला कारागृहातून सुटणाऱ्या बायकांसाठी काहीतरी करायचं म्हणताय, वर्गणीतून तीन शिलाई मशीन घेण्याइतके पैसे जमलेत, आणि सुरुवात कुठून करायची असं विचारलंय. मी पुण्यातच गेली चौदा वर्षं हे काम स्वयंसेवक म्हणून करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मशीनचे पैसे तूर्त बँकेत राहू द्या. सुटलेल्या बाईला पहिले काही दिवस सगळ्यात जास्त गरज असते ती सोबतीला येणाऱ्या माणसाची. नवरा आत गेला की बायको लेकराला कडेवर घेऊन मुलाखतीच्या, म्हणजे तुरुंगातल्या भेटीच्या, रांगेत उभी राहते, वकिलासाठी गळ्यातलं मोडते. बाई आत गेली की दोन-तीन मुलाखतींनंतर बहुतेक घरांतून कोणी फिरकत नाही. सासरचं दार बंद झालेलं असतं, माहेरी भावाचा संसार असतो. त्यामुळे ती कधी सुटणार हे बाहेर कोणाला माहीतही नसतं. त्यात जामिनाचा आदेश पोचून आतले सोपस्कार होईपर्यंत अंधार पडतो.

काही वर्षांपूर्वी पन्नाशीच्या एका बाईंना घ्यायला गेले होते. हातात एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एक साडी, कोर्टाचे कागद आणि बीपीच्या गोळ्यांची अर्धी पट्टी. रस्ता ओलांडताना त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. टपरीवर चहा सांगितला, बाकडं रिकामं होतं, तरी त्या उभ्याच. मी बघितलं तेव्हा हळूच म्हणाल्या, "बसू का?" रात्री निवाऱ्यात बाथरूमला जायचं तरी माझ्याकडे बघून थांबायच्या. सहा वर्षं प्रत्येक गोष्ट विचारून करायची सवय, ती गेट उघडल्याबरोबर जात नाही. अशा बाईला दुसऱ्या दिवशी मशीनसमोर बसवून काय होणार आहे?

म्हणून चौघींपैकी दोघी-दोघींची जोडी करा आणि एका जोडीकडे एकच बाई, निदान सहा महिने. नेताना "चला घरी" असं म्हणू नका, "कुठे जायचंय?" असं विचारा. घर हे उत्तर नसेल तर शक्ती सदन, म्हणजे निराधार बायकांसाठीचा सरकारी निवारा, आहे. पूर्वीच्या स्वाधार गृह योजनेतच तुरुंगातून सुटलेल्या निराधार बायकांचा स्पष्ट उल्लेख होता, आता ती योजना शक्ती सदनमध्ये सामावली आहे. संकटातल्या बायकांसाठी सखी केंद्र आणि १८१ हेल्पलाइनही आहे. पण तिथल्या अधीक्षकांना आधीच दिवसाउजेडी भेटून ठेवा. रात्री नऊ वाजता दारात उभं राहून पत्र कुठलं आणि सही कोणाची ही चर्चा मी केली आहे, ती त्या बाईसमोर होऊ नये.

मग कागद. इथे तुमचा सगळ्यात जास्त वेळ जाईल आणि तो जाऊ द्या. आधार कार्ड सासरी असतं, फोन मुद्देमालात जमा असतो, जुनं सिम कधीच बंद पडलेलं असतं. आधारला तोच बंद नंबर जोडलेला, त्यामुळे ओटीपी येत नाही, आणि ओटीपीशिवाय पुढचं एकही काम हलत नाही. म्हणून पहिली फेरी आधार केंद्रात, नवा नंबर जोडायला. मग बँक. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं, केवायसी देऊन ते पुन्हा सुरू करून घ्यावं लागतं. मग रेशन कार्ड. त्यावरून तिचं नाव कमी केलेलं असू शकतं. एका कार्यालयात आम्हाला पाच खेपा घालायला लावल्या आणि चौथ्या खेपेला तिथल्या माणसाने सगळ्यांसमोर मोठ्याने विचारलं, "इतकी वर्षं होतात कुठे?" ती बाई खाली मान घालून उभी राहिली. मी शेजारी होते म्हणून "ते तुमच्या फॉर्ममध्ये विचारलेलं नाही" एवढं म्हणता आलं. एकटी असती तर पाचवी खेप तिने घातली नसती, याची मला खात्री आहे.

जामिनावर सुटली असेल तर तारखा हा तुमचा जिव्हाळ्याचा विषय व्हायला हवा. एक तारीख चुकली तरी वॉरंट निघू शकतं. केसचा सीएनआर नंबर (कोर्टात प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक) घेऊन ठेवा, त्यावर पुढची तारीख मोबाइलवर दिसते. पत्ता बदलला तर वकिलामार्फत कोर्टाला कळवा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो. जामीन मंजूर होऊनही पैशांअभावी आत अडकलेल्या बायका तुम्हाला भेटतील. त्यांच्यासाठी केंद्राची २०२३ पासूनची गरीब कैद्यांची योजना आहे. सुरू झाली तेव्हा कच्च्या (खटला चालू असलेल्या) कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० आणि पक्क्या (शिक्षा झालेल्या) कैद्याच्या दंडासाठी २५,००० रुपये ही मर्यादा होती. तो अर्जही प्राधिकरणात विचारा. स्वतः जामीनदार राहण्याची घाई मात्र करू नका, ती जबाबदारी काय असते ते वकिलाकडून नीट समजून घ्या.

मुलांच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगते. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ तुरुंगात राहू शकतं, नंतर ते नातेवाइकांकडे किंवा संस्थेत जातं. एका आईला मी सुटल्याच्या तिसऱ्या दिवशी मुलीला भेटायला संस्थेत नेलं. मला वाटलं होतं दोघी गळ्यात पडतील. मुलगी नऊ वर्षांची झालेली, ती तिथल्या मावशींच्या पदराआड गेली आणि बाहेर आलीच नाही. आईने आणलेला खाऊ टेबलावर ठेवला आणि परत येताना रिक्षात एक शब्द बोलली नाही. आधी फोन, मग दोन-तीन छोट्या भेटी, आणि बालकल्याण समितीशी बोलून मगच घरी नेण्याचा विचार, असं करायला हवं होतं. पुढे आम्ही तसंच केलं, सात महिने लागले. घरखर्च भागत नसेल तर मुलांच्या सांभाळासाठी मदत देणाऱ्या बाल संगोपन योजनेसाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. तिथल्या परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांना सुटलेल्या बंद्यांसाठीच्या मदतीबद्दलही विचारा.

"गुन्हा काय होता हे विचारावं का?" असंही तुम्ही लिहिलंय. विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, बहुधा रात्री, भांडी घासताना वगैरे. कामावर ठेवणाऱ्याला, घरमालकाला काय सांगायचं हेसुद्धा तिनेच ठरवायचं. तुम्ही तिच्या वतीने उदारपणे काहीही सांगून टाकू नका, वस्तीत दोन तासांत पसरतं.

तुरुंगात आत जाऊन काम करण्याची परवानगी कारागृह विभागाकडून घ्यावी लागते आणि नवख्या गटाला ती लवकर मिळत नाही. त्यापेक्षा प्राधिकरणात विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येईल का ते बघा, किंवा आधीपासून काम करणाऱ्यांसोबत वर्षभर जा. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून हे करतोय, त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे.

पुढच्या आठवड्यात एक बाई सुटेल असं वाटतंय. जळगावकडची आहे, पुण्यात कोणी नाही. चौघींपैकी कोणाला संध्याकाळ मोकळी असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. येताना पाण्याची बाटली, सुटे पैसे आणि सहा नंबरची चप्पल आणा.