तिचा आजार तिलाच सांगू का?

"मॅडम, आत कॅन्सर हा शब्द तेवढा काढू नका. रक्त कमी झालंय, एवढंच तिला सांगितलंय."

दारातच आईने माझा हात धरला. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं कुटुंब. मुलगी आठ वर्षांची, आजार एएलएल, म्हणजे मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात खेपा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सांगितलं तर पोर खचेल, ही धास्ती जवळजवळ प्रत्येक आईबापाला असते. मी आईला म्हटलं, आपणहून विषय काढणार नाही, पण तिने विचारलं तर खोटं बोलणार नाही.

मुलीने कागदावर चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात ती फळापानांची आरास, काढली. सुपारीचे घोस, कवंडळं, आंब्याचे टाळे. खाली आजी, बाबा, दादा. स्वतःला मात्र पार कोपऱ्यात, खिडकीच्या गजांमागे.

"टीचर, मला कॅन्सर आहे. पलीकडच्या खाटेवरच्या मुलाने सांगितलं. आईला सांगू नका हां, ती नळ सोडून बाथरूममध्ये रडते." मग खडू घासत हळूच, "नको म्हटलेलं तरी मी व्हाळात (ओढ्यात) गेले ना, म्हणून झालं."

तीन आठवडे हे ओझं त्या जिवाने एकटीने वाहिलं होतं. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञ मायरा ब्लूबाँड-लँगनर यांनी 1970 च्या दशकात अशाच मुलांच्या सहवासात राहून हेच टिपलं होतं : न सांगताही मुलांना कळतं, आणि मोठ्यांना त्रास नको म्हणून ती न कळल्यासारखं वागतात.

"आईला आपण दोघींनी मिळून सांगायचं?" तिसऱ्या भेटीत तिने मान हलवली.

आधी मी आईजवळ बसले. शब्द ठरवले, ती दोनदा रडली, मग आम्ही आत गेलो. सांगितलं आईनेच. रक्त हाडांच्या आत तयार होतं. तिथे काही पेशी नीट वाढत नाहीत, नुसती गर्दी करतात. त्यांना घालवायला किमो. भराभर वाढणाऱ्या पेशींवर हे औषध चालतं, केसांची मुळंही तशीच, म्हणून केस जातात आणि नंतर पुन्हा येतात. व्हाळात गेल्याने हे होत नाही. एकाचं दुसऱ्याला लागतही नाही.

"मी मरणार?"

आईने माझ्याकडे पाहिलं, पण उत्तर तिनेच दिलं. "आजार मोठा आहे. पण यातून पुष्कळ मुलं बरी होतात, आणि तू बरी व्हावीस म्हणूनच हे औषध. मी इथेच आहे."

'काही होणार नाही', 'सुई दुखणार नाही' असं कृपा करून म्हणू नका. हा उपचार दोन-तीन वर्षं चालतो, पाठीतलं इंजेक्शन पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. पहिल्याच सुईला शब्द खोटा पडला, तर पुढे ती कुणावर विसंबणार? दुखेल, थोडा वेळ, मी हात धरीन, एवढं खरं पुरतं.

निघताना मुलीने विचारलं, "आई, दादाला कुणी सांगितलं? त्याने मला ढकललं होतं. त्याला वाटत असेल, त्याच्यामुळेच झालं."

तो आजीकडे वाळपईला होता. आईने तिथल्या तिथे फोन लावला.