कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळच्या अँडरसन धरणाला आउटलेट (तलावाचं पाणी खाली सोडायची वाट) आहेच, मग नवा बोगदा कशाला खोदला?

कारण जुनं आउटलेट फारच अपुरं. धरण १९५०चं, मातीचं, आणि जवळच कॅलाव्हेरस भ्रंश, म्हणजे भूकंप घडवणारी जमिनीतली भेग. मोठा भूकंप झाला तर तलाव झटपट उतरवता यायला हवा. जुन्या पाइपातून ते होणं शक्यच नव्हतं. २०१७च्या पावसात तर पाणी सांडव्यावरून वाहिलं आणि खाली सॅन होजेत लोकांच्या घरांत शिरलं. २०२०मध्ये केंद्रीय नियामकाने तलाव जवळपास रिकामाच करायला लावला. नव्या बोगद्याने विसर्गाची क्षमता सुमारे पाचपट होते.

मातीच्या भरावाखालून खोदणं म्हणजे पाझराला आमंत्रण, म्हणून तो बाजूच्या डोंगरातून नेलाय. शिवाय भिंत उकरून नव्याने बांधताना कोयोट क्रीक या ओढ्याचं पाणी याच वाटेने वळवायचंय. बोगद्याचा नंबर आधी लागला तो त्यामुळेच.