वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं: पत्र्याच्या घरातला उकाडा आणि ओल

कंटेनरचं घर, पोर्टा केबिन, कॅरॅव्हॅन अशा हलवता येणाऱ्या घरांबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. बहुतेकांचा प्रश्न एकच होता, 'एसी कुठला घेऊ?' उत्तर मात्र बहुतेक वेळा छतापासून सुरू करावं लागलं.

प्रश्न (पेडणे): काजूच्या बागेत 20 फुटी कंटेनर ठेवून राहायची खोली केली आहे. आतून नुसतं प्लायवूड लावलंय. दुपारी आत उभं राहवत नाही. दुकानदार म्हणतो, पत्र्याचं घर आहे तर 2 टनांचाच एसी घ्या. बिलाची भीती वाटते. काय करावं?

उत्तर: 2 टनांचा एसी घेऊ नका. निदान छताचं काम होईपर्यंत तरी कुठलाच घेऊ नका.

गोव्यात मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर असतो. त्या वेळी भिंतींवर तिरपं ऊन येतं, छत मात्र सगळा मारा झेलतं. तुमच्या कंटेनरचं छत साधारण 14 चौरस मीटर आहे. गडद रंगाचा उघडा पत्रा दुपारी 60 अंशांच्या घरात जातो आणि खालच्या खोलीत दर चौरस मीटरमागे ढोबळमानाने 200 वॉट उष्णता सोडतो. म्हणजे एकट्या छतातून 2,800 वॉट. एक टनाचा एसी साधारण 3,500 वॉटच्या दराने उष्णता बाहेर काढतो. म्हणजे त्यातला पाऊण टनाहून जास्त भाग नुसत्या छताशी झुंजण्यात जाणार. त्याच छताखाली 50 मिलिमीटर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेन फोम) असेल तर हा आकडा 250 वॉटच्या आसपास येतो. भिंती, खिडक्या, दोन माणसं, फ्रिज आणि फटींतून येणारी दमट हवा हे सगळं धरूनही मग दीड-दोन किलोवॉटचंच ओझं उरतं. त्याला 0.8 किंवा 1 टनाचा इन्व्हर्टर एसी पुरतो.

पैसे पुरवून खर्चायचे असतील तर आधी दुसरं छप्पर करा. लोखंडी अँगलच्या सांगाड्यावर रंगीत पत्रा, कंटेनरच्या छतापासून किमान 1 फूट वर आणि चारही बाजूंनी 2 ते 3 फूट बाहेर. मधली जागा दोन्ही टोकांना उघडी ठेवा, वारा तिथूनच खेळला पाहिजे. हौसेने ती कडेने बंद केली की निम्मा उपयोग गेला. सांगाडा कंटेनरच्या कोपऱ्यांतल्या जाड कास्टिंगना बांधा, छताच्या पातळ पत्र्याला नाही. नाहीतर पावसाळी वारा तो उचलेल आणि भोकांतून पाणी आत येईल. या छपरामुळे पावसाचा आवाजही पुष्कळ कमी होतो. पांढरा उष्णतारोधक रंग स्वस्त आणि चांगला आहे, पण आपल्याकडे एका-दोन पावसाळ्यांत त्यावर काळं शेवाळ धरतं. दर ऑक्टोबरात घासून धुवायची तयारी असेल तरच त्यावर भिस्त ठेवा.

मग आतलं प्लायवूड काढा. छताला 75 आणि भिंतींना 50 मिलिमीटर पफ फवारून घ्या किंवा त्याच जाडीची पॅनेल बसवा. घनता घनमीटरला 40 किलोच्या आसपास असावी आणि माल आग न पसरवणाऱ्या प्रतीचा मागा. वेल्डिंगचं सगळं काम फवारणीआधी उरकून घ्या. पफ लागल्यावर त्याच पत्र्यावर ठिणगी पाडणं म्हणजे आगीला आमंत्रण. आतल्या फ्रेमचे अँगल थेट बाहेरच्या पत्र्याला टेकत असतील तर मध्ये फोमची पट्टी घाला, नाहीतर प्रत्येक अँगल उन्हाळ्यात तापेल आणि थंडीत घाम धरेल. ग्लासवूल स्वस्त पडतं, पण आपल्या हवेत ते ओल धरून खाली बसतं आणि वरच्या बाजूला पोकळी राहते. आम्ही ते सुचवणार नाही.

मोठा एसी नको याचं आणखी एक कारण आहे आणि गोव्यात तेच जास्त महत्त्वाचं. मोठं मशीन लहान खोली पाच-सात मिनिटांत थंड करतं आणि मंदावतं किंवा थांबतं. हवेतलं पाणी काढायला कॉइल सतत थंड राहावी लागते, तेवढा वेळच तिला मिळत नाही. खोली गार पण चिकचिकीत राहते, मग माणूस तापमान 20 वर नेतो आणि बिल वाढतं. लहान मशीन सलग चालू द्या, 25-26 वर ठेवा आणि जोडीला भिंतीवरचा पंखा लावा. आतली उंची जेमतेम साडेसात फूट उरते, छताचा पंखा डोक्याला लागेल. बीएलडीसी (ब्रशलेस मोटरचा) पंखा 30-35 वॉटमध्ये भागवतो, जुना 75 वॉट खातो.

विकत घेताना ताऱ्यांपेक्षा लेबलवरचा आयएसईईआर आकडा (खर्च झालेल्या विजेमागे एसी वर्षभरात किती थंडावा देतो ते) बघा. ताऱ्यांचे निकष दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या सालचे पाच तारे आणि नव्या सालचे पाच तारे सारखे नसतात. लेबलवरची वार्षिक युनिटं 1,600 तासांच्या वापरावर काढलेली असतात. रोज रात्री 8 तास, वर्षातले 300 दिवस वापरलात तर ते 2,400 तास होतात. तेव्हा तो आकडा दीडपट धरून हिशेब करा.

विजेकडे दुर्लक्ष नको. बागेतल्या खोलीला बहुतेक वेळा घरापासून लांब वायर ओढलेली असते. 40 मीटर अंतरावर 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीतून एसी आणि गीझर मिळून 17 अँपिअर गेले तर 10 व्होल्ट वाटेतच जातात. 6 चौरस मिलिमीटरची घेतली तर साधारण 4. कंटेनर हा लोखंडी डबा आहे, म्हणून त्याच्या सांगाड्याला स्वतंत्र अर्थिंग आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. यात काटकसर करू नका.

प्रश्न (पेडणे, दुसरे वाचक): एसीऐवजी मोठा कूलर चालेल का?

उत्तर: नाही. 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असलेली हवा कूलरमधून गेली तर फार तर 29-30 अंशांवर येते आणि दमटपणा 90 टक्क्यांच्या वर जातो. बंद केबिनमध्ये अंथरूण ओलं लागेल. त्या पैशात दोन चांगले पंखे आणि एक एक्झॉस्ट येतो.

प्रश्न (काणकोण): समुद्राला लागूनच आमच्या दोन केबिन आहेत. एसीचा गॅस दर दीड-दोन वर्षांनी जातो. मेकॅनिक भरून जातो, पुन्हा तेच.

उत्तर: गॅस वापरून संपत नसतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. आऊटडोअरच्या मागच्या बारीक पट्ट्यांवर बोट फिरवून बघा. त्या पांढऱ्या भुकटीसारख्या सुटून हाताला लागत असतील तर खारी हवा ॲल्युमिनियम खाते आहे, आणि पट्टी गेली की नळीवरही सुईच्या टोकाएवढी भोकं पडू लागतात. मेकॅनिकला नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या फेसाने गळती शोधायला सांगा. नळीला जागोजागी भोकं असतील तर डाग देण्यात अर्थ नाही, कंडेन्सर कॉइलच बदला. नवी घेताना तांब्याची नळी आणि पट्ट्यांवर संरक्षक लेप असलेली मागा.

आऊटडोअर केबिनच्या समुद्राविरुद्धच्या बाजूला, छपराच्या आडोशाला बसवा, पण समोर किमान 2 फूट मोकळी जागा सोडा. पावसाळा सोडून दर महिन्याला, मेन स्विच बंद करून, साध्या गोड्या पाण्याने ते धुवा. पाईपला जोर नको, पट्ट्या वाकतात. पावसाचं पाणी मीठ धुऊन नेतं, मात्र आडोशाला बसवलेल्या युनिटपर्यंत ते पोचत नाही, म्हणून चवथीच्या सुमारास एकदा धुवा. स्टँड आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घ्या.

प्रश्न (वाळपई): जुलैत केबिनमध्ये कुबट वास येतो, कपाटामागे बुरशी धरते. जानेवारीत पहाटे छतातून थेंब पडतात, पाऊस नसतानाही. छत गळतंय का?

उत्तर: छत गळत नाही, घाम धरतं. जानेवारीत आभाळ निरभ्र असतं, पत्रा रात्री उष्णता आकाशाकडे सोडत बाहेरच्या हवेहूनही थंड होतो. खोलीत झोपलेली दोन माणसं श्वास आणि घामातून रात्रभरात अर्ध्या लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. टॉर्च मारून बघा: पहिला थेंब रिव्हेटच्या किंवा स्क्रूच्या डोक्यावर धरतो, कारण ते लोखंड थेट बाहेरपर्यंत गेलेलं असतं. इन्सुलेशन पत्र्याला घट्ट चिकटलेलं हवं. मध्ये पोकळी राहिली तर थेंब तिथे, न दिसता पडतील आणि पत्रा आतून गंजेल. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आणि न्हाणीत 6 इंची एक्झॉस्ट लावा, आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवा.

जुलैची गोष्ट वेगळी. बाहेर 25 अंशच असतात, त्यामुळे एसी लगेच थांबतो आणि दमटपणा तसाच राहतो. इथे डीह्युमिडिफायर (हवेतलं पाणी काढणारं मशीन) लागतो. दिवसाला 12 लिटरचं, कॉम्प्रेसरवालं मशीन 200 ते 250 वॉट घेतं. त्याची उष्णता खोलीतच राहते, पण पावसाळ्यात ती हवीच असते. गोव्याच्या बहुतेक घरांना लागणारी 'हीटिंग' एवढीच. खिडक्या बंद ठेवून चालवा आणि साध्या आर्द्रतामापकावर 55 ते 60 टक्के दिसेल असं बघा. पेल्टियरवाली (कॉम्प्रेसर नसलेली) छोटी खेळणी दिवसाला पाव-अर्धा लिटर पाणी काढतात, त्यांत पैसे घालू नका. कपाट भिंतीपासून 2 इंच पुढे ओढा. त्यामागे हवा फिरली नाही तर कुठलंच मशीन बुरशी थांबवू शकत नाही.

प्रश्न (मडगाव): डिसेंबरात कॅरॅव्हॅन घेऊन हिमाचलला जायचंय. गरम-गार एसी पुरेल का?

उत्तर: बाहेरून वीज मिळेल तिथे 5 अंशांपर्यंत छान चालतो, एका युनिट विजेत हीटरच्या जवळपास तिप्पट ऊब देतो. त्याखाली आऊटडोअरवर बर्फ धरतो, तो वितळवायला मशीन मधूनमधून उलटं फिरतं आणि ऊब तुटते. बॅटरीवर रात्र काढायची तर 2 किलोवॉटचा डिझेल हीटर बरा. तासाला पाव लिटरच्या आत डिझेल लागतं, 12 व्होल्टवर सुरू होताना काही मिनिटं 8-10 अँपिअर आणि नंतर एक-दोन अँपिअर. जळायला लागणारी हवा आणि धूर या दोन्ही नळ्या गाडीच्या बाहेर हव्यात. धुराचं तोंड खिडकीखाली येऊ देऊ नका. झोपायच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. उंचावर हवा विरळ असते, तिथे इंधन कमी करणारी सोय हीटरमध्ये नसेल तर काजळी धरते. गोव्यात भरलेलं डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होतं, तेव्हा टाकी वर पोचल्यावर तिथल्याच पंपावर भरा. शेगडी किंवा कोळसा आत कधीही नको, खिडकी किलकिली असली तरी नको.

प्रश्न (फोंडा): केबिन क्रेनने उचलून केरीला न्यायची आहे. 1 टनाचा एसी तसाच लावलेला ठेवला तर?

उत्तर: धक्क्यांनी नट ढिले होतात आणि पाईप मुरगळतात. आधी गॅस आऊटडोअरमध्ये ओढून घ्यावा लागतो. एसी थंड मोडवर (इन्व्हर्टर असेल तर सक्तीच्या कूलिंगवर) चालू असताना मेकॅनिक बारीक पाईपचा व्हॉल्व्ह ॲलन कीने बंद करतो, दाबाच्या गेजचा काटा शून्याजवळ आला की जाड पाईपचाही करतो आणि त्याच क्षणी मशीन बंद करतो. काटा शून्याखाली जाऊ देऊ नये. जोड सैल असताना मशीन चालू राहिलं तर आत हवा ओढली जाते, आणि हवा-तेलाचं ते मिश्रण दाबाखाली पेटून कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून हे घरी करून बघायचं काम नाही. सुटलेली टोकं टोपणं लावून बंद करा.

नव्या जागी बसवताना फ्लेअर (जोडासाठी पसरवलेलं पाईपचं टोक) नव्याने काढा. पाव इंची नट 14 ते 18 आणि तीन अष्टमांश इंची 34 ते 42 न्यूटन-मीटरला टॉर्क पान्याने आवळा. मग व्हॅक्यूम पंप लावून दाब 500 मायक्रॉनखाली न्या आणि पंप बंद करून दहा मिनिटं काटा स्थिर राहतो का ते बघा. 'थोडा गॅस सोडून हवा काढतो' म्हणणाऱ्याला थांबवा. पाईपमध्ये राहिलेली ओल पुढे कॉम्प्रेसर खाते, शिवाय एसीतला आर-32 गॅस ज्वलनशील आहे. पाईपसाठी भिंतीत पाडलेल्या 3 इंची भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, भोवतीची फट फोमने आणि वरून सिलिकॉनने बंद करा. पावसाळ्याआधी त्या भोकाच्या आतल्या कडेवर हात फिरवून बघा. ओलसर लागली तर दमट हवा तिथूनच आत येते आहे.