ठेव, भरणा की अनामत?

भोसरीतल्या एका लघुउद्योजकाने विचारलं आहे: थकलेल्या बिलांबाबत फॅसिलिटेशन कौन्सिलचा (लघुउद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाचा) निवाडा माझ्या बाजूने लागला. आता खरेदीदार कंपनी तो रद्द करून घ्यायला शिवाजीनगरच्या न्यायालयात चालली आहे. तिला आधी भराव्या लागणाऱ्या ७५ टक्क्यांना मराठीत काय म्हणायचं? ठेव, भरणा की अनामत?

अनामत. ठेव आपण मर्जीने ठेवतो आणि मर्जीने मोडतो. भरणा कराचा किंवा वीजबिलाचा. केला की पैसा आपला राहत नाही. इथे पैसा खरेदीदाराच्या हातून सुटलेला असतो, पण पुरवठादाराचा झालेला नसतो. अनामतच्या मुळात नेमकं हेच आहे. अरबी ‘अमानत’मधल्या म आणि न यांनी जागा बदलल्या आणि मराठीत ‘अनामत’ झालं: विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली केलेली चीज. ‘इमान’ही त्याच धातूचं.

निवडणुकांमुळे मात्र अनामत म्हटलं की ‘जप्त’ आठवतं, आणि हरल्यावर पैसे सरकारजमा होतील असं वाटतं. ते इथे लागू नाही. म्हणून ‘न्यायालयात जमा करायची अनामत’ असं पूर्ण लिहावं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्याच्या कलम १९ नुसार अर्ज प्रलंबित असतानाच न्यायालय त्यातला वाजवी हिस्सा, गरज वाटल्यास अटी घालून, पुरवठादाराला द्यायला लावतं. तो मागायला विसरू नका.

खरी गफलत होते ती ‘कशाचे ७५ टक्के’ यात. मुद्दलाचे नव्हेत, निवाड्याप्रमाणे होणाऱ्या रकमेचे. मुद्दल १० लाख आणि निवाड्यातलं व्याज ६ लाख असेल, तर अनामत १२ लाख. साडेसात लाख नाही. हे व्याज दरमहा चक्रवाढ, रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट असतं. ‘बँक दर’ म्हणजे बँकेचा कर्जाचा दर नव्हे. तिथेही बरेच जण हिशोब चुकतात.

अनामत माफ होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आस्का इक्विपमेंट्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं. हप्ते मात्र मिळू शकतात, कारण ‘न्यायालय सांगेल त्या रीतीने’ असे शब्द कलम १९ मध्येच आहेत. पुरवठादाराने स्वतः आव्हान दिलं तर त्याला अनामत नाही.

आणि याला ‘अपील’ म्हणू नका. लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली असतो तो ‘निवाडा रद्द करण्याचा अर्ज’. त्याला निवाडा हाती पडल्यापासून तीन महिने मिळतात, सबळ कारण असेल तर वर ३० दिवस, त्यापुढे एकही नाही. अपील कलम ३७ चं, आणि ते त्या अर्जावरच्या आदेशाविरुद्ध.