जानेवारीत सूर्य जवळ, तरी हवा गार कशी?

जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते. मग मुंबईत गारवा तेव्हाच का? (दादर)

अंतरातला फरक किरकोळ आहे: जानेवारीच्या सुरुवातीला सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, जुलैच्या सुरुवातीला १५.२ कोटी. त्याने उन्हात जेमतेम ७ टक्क्यांचा फरक पडतो. ऋतू घडवतो तो पृथ्वीच्या आसाचा, म्हणजे ती ज्या काल्पनिक रेषेभोवती फिरते तिचा, २३.४ अंशांचा कल. आस वर्षभर ध्रुवताऱ्याच्याच दिशेला रोखलेला राहतो, म्हणून उत्तर गोलार्ध सहा महिने सूर्याकडे झुकलेला आणि सहा महिने कललेला दूर. २१-२२ डिसेंबरला मुंबईत सूर्य भर दुपारीही ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही. तिरपं ऊन पसरतं, त्यामुळे तेवढ्याच जमिनीला डोक्यावरच्या उन्हाच्या पाऊणपटच मिळतं. त्यात दिवस ११ तासांचा. जूनमध्ये तो सव्वातेरा असतो. जवळ असल्याचे ७ टक्के इथे कुठे पुरणार?

शून्य सावलीचा दिवस गच्चीवरून बघायचाय. बारा वाजता काठी उभी केली, तर सावली दिसलीच. (मुलुंड)

शून्य सावलीच्या दिवशी माध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तुमचा घोटाळा घड्याळाने केला. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, मुंबई जवळपास ७३ अंशांवर. सूर्य एका अंशाला ४ मिनिटं घेतो, म्हणून मे महिन्याच्या मध्यात इथला माध्यान्ह साधारण १२.३५ ला होतो. तारीख १५-१६ मे. गंमत अशी, की तारीख एका दिवसाने चुकली तर ३० सेंटिमीटरच्या काठीची सावली मिलिमीटरभरच पडते. पण पाच मिनिटं चुकली तर सहा मिलिमीटर! त्यामुळे १२.२५ लाच तयार राहा आणि दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेन्सिलने खूण करा.

दुसरी चूक गच्चीची. पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. फरशीवर नुसता उभा ठेवलेला तेवढ्याच उंचीचा पाइप एक अंश कलला तरी पाच मिलिमीटर सावली दाखवतो. काठी ओळंब्याने सरळ करा.

दुसरा शून्य सावली दिवस २७-२८ जुलैच्या आसपास येतो, पण तेव्हा ढग बहुधा बघू देत नाहीत.

उत्तरेच्या खिडकीत जूनमध्ये ऊन येतं. हे बरोबर आहे का? (बोरिवली)

अगदी बरोबर. मुंबई १९ उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळी तर तो आणखी उत्तरेकडे दिसतो, आणि खिडकीत खोलवर येणारं ऊन तेव्हाचंच.

उत्तरायण संक्रांतीलाच सुरू होतं ना? (गिरगाव)

नाही, २१-२२ डिसेंबरला. संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, आणि आसाची दिशा अतिशय सावकाश फिरत असल्याने संक्रांत सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते.