घर तारण ठेवून एमपीएच? आधी कोर्सचा कोड विचारा

तुम्ही बीडीएस म्हणजे दंतवैद्य आहात. अमेरिकेतल्या एका चर्चसंलग्न विद्यापीठात दोन वर्षांच्या एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीला, प्रवेश मिळालाय. ११ टक्क्यांनी ३० लाखांचे कर्ज घ्यायचे तर वडिलांचे घर तारण द्यावे लागेल. आणि तुम्ही विचारता, ‘धार्मिक संस्थेच्या पदवीला किंमत असते का?’

ही काळजी सोडा. लोमा लिंडा विद्यापीठ अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे, सेंट लुईस विद्यापीठ जेझुइट या कॅथलिक संघाचे. सार्वजनिक आरोग्यात दोघांचेही नाव आहे. बघायची ती सीईपीएचची, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी संस्थेची, मान्यता. मात्र एक विचारा: धर्मविषयक पेपर सक्तीचा आहे का? सीईपीएचच्या नियमाने एमपीएचला किमान ४२ क्रेडिट लागतात. त्यावर जितके क्रेडिट वाढतील, तितकी फी वाढते.

मला खरी धास्ती वाटते ती परतफेडीची. शिकताना आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसला तरी व्याज चढतच राहते. पैसे सेमिस्टरनुसार उचललेत तरी हप्ते सुरू होताना कर्ज ३७ लाखांच्या आसपास गेलेले असेल. दहा वर्षांसाठी महिना सुमारे ५१ हजार. भारतात परतून एखाद्या सामाजिक संस्थेत काम करायची तुमची इच्छा आहे, आणि ती मला मनापासून आवडली. पण सुरुवातीच्या पगारात हा हप्ता बसवणे फार कठीण आहे. म्हणजे काही वर्षे अमेरिकेतच कमवावे लागेल.

इथे कोर्सचा सीआयपी कोड, म्हणजे अमेरिकेत अभ्यासक्रमाचा विषय ठरवणारा क्रमांक, निर्णायक ठरतो. साधारण एमपीएचचा कोड ५१.२२०१, तो स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित) विषयांच्या सरकारी यादीत नाही, त्यामुळे ओपीटीवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिनेच काम करता येते. एपिडेमिऑलॉजी (साथरोगशास्त्र, २६.१३०९) किंवा बायोस्टॅटिस्टिक्स (जैवसांख्यिकी, २६.११०२) असेल तर आणखी २४ महिने मिळू शकतात. तुमच्या आय-२० वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देते त्या प्रवेशपत्रावर, कोणता कोड येणार, हे विद्यापीठाकडून लेखी घ्या.

८०ई म्हणून ओळखली जाणारी, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकर वजावट फक्त जुन्या करप्रणालीत आणि जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते. वडील तीन वर्षांत निवृत्त होणार, म्हणजे तिचा फारसा उपयोग नाही.

माझे मत स्पष्ट आहे. कोड ५१.२२०१ असेल आणि असिस्टंटशिपही (विद्यापीठातले पगारी सहायकाचे काम) नसेल, तर घर तारण ठेवू नका. प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येतो का विचारा, विषय बदलून मागा, शिष्यवृत्तीसाठी पुन्हा अर्ज करा. कोड आणि असिस्टंटशिप, या दोन्हींची उत्तरे हातात येईपर्यंत वडिलांनी बँकेच्या कुठल्याही कागदावर सही करू नये.