शोध: सापडलं की निवडलं?

पेडण्याच्या एका टीचरनी विचारलं आहे: 'दुर्बिणीचा शोध लावला' आणि 'गुरूच्या चंद्रांचा शोध लावला', दोन्हीकडे एकच शब्द कसा? दुर्बीण माणसाने बनवली, चंद्र आधीपासूनच होते. मुलांसाठी मराठीतून टिपणं काढताना पहिल्या ठिकाणी 'आविष्कार' लिहू का?

नका लिहू. एक मान्यवर भाषातज्ज्ञ हा भेद व्याख्यानांतून ठासून सांगत असतात: नवी वस्तू घडवली तर आविष्कार, असलेली हाती लागली तर शोध. ही हिंदीतली उसनवारी. 'आविस्' म्हणजे उघड, आविष्कार म्हणजे उघड करणं. व्युत्पत्तीच्याच गोष्टी करायच्या तर आविष्कार चंद्रांचा झाला, कारण १६१० साली गॅलिलिओने जे झाकलेलं होतं ते उघड केलं. दुर्बीण तर दोनच वर्षं आधी हॉलंडमध्ये तयार झाली होती, ती कुठे झाकलेली होती? शिवाय मराठीत आविष्कार होतो स्वरांचा, अभिनयाचा. पाण्याच्या पंपाचा होत नाही.

शोध घेणे, लागणे, लावणे यांतला फरक सांगत बसत नाही. पोलीस चोराचा छडा लावतात तसाच शास्त्रज्ञ शोध लावतो, हे कुणालाही कळतं. आणि नेमकं तेच मला खटकतं. दर विज्ञानदिनाला कुणीतरी माईकवर सांगतं, 'न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला.' जणू ते कपाटामागे पडलं होतं. एकदा नववीतल्या एकाने मागच्या बाकावरून विचारलंच, "सर, ताचे आदीं नाल्ल पडनासले?" म्हणजे, त्याच्या आधी नारळ पडत नव्हते का? मी हसलो, पण प्रश्न बरोबर होता.

आता धातू बघा. शुध्, म्हणजे स्वच्छ होणं. शोध म्हणजे आधी सफाई, तपास नंतरचा. याचा पुरावा घरातच आहे. मुद्रितशोधक हरवलेली पानं हुडकत नाही, छपाईतल्या चुका काढतो. रसशास्त्रात पाऱ्याचं शोधन करतात, तेव्हा पारा समोर खलातच असतो, काढायचा असतो तो त्यातला मळ. आपण घटनादुरुस्ती म्हणतो तिला हिंदीत संविधान संशोधन म्हणतात. आणि सगळ्यात गोड पुरावा एकनाथांचा. शके १५०६, म्हणजे १५८४ साली त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हा लिहिलं, 'तो शोधूनियां'. ग्रंथ हरवला नव्हता. पाठांतरात शिरलेलं अबद्ध त्यांनी वेचून बाहेर काढलं. मराठीतलं संशोधन हे असं.

मग सफाईवरून हुडकण्यावर अर्थ गेला कसा? यावर माझा एक लाडका तर्क आहे, कोशात मिळणार नाही. झारेकरी आठवा. सोनाराच्या दुकानातली धूळ, राख झाडून न्यायचा, पाण्यात धूत बसायचा, आणि तळाशी सोन्याचे कण उरायचे. तो धूळ साफ करत होता की सोनं हुडकत होता? दोन्ही, एकाच हाताने. सुपात तांदूळ निवडणाऱ्या आजीचंही तेच: खडा शोधते आणि तांदूळही शोधते. माझ्या मते अर्थ वळला तो अशा सुपापाशी नि परातीपाशी, पंडितांच्या बैठकीत नव्हे. एका संस्कृतज्ञ मित्राने याला 'स्वयंपाकघरातली व्युत्पत्ती' म्हटलं. त्याने आयुष्यात तांदूळ निवडलेले नाहीत.

आता पणजीत चला. सचिवालयाच्या जुन्या इमारतीशेजारी कांदोळीच्या आबे फारियांचा पुतळा आहे, हात पसरलेले, समोर मागे कलंडणारी बाई. मुलं निबंधात लिहितात, 'फारियांनी संमोहनाचा शोध लावला.' माणसांना तंद्रीत घालणं त्यांच्या आधी मेस्मर हा जर्मन डॉक्टर नि त्याचे शिष्य करतच होते. फक्त अंगातून कसलासा चुंबकी द्रव वाहतो, असं ते सांगायचे. फारियांनी तो द्रव काढून टाकला: प्रयोग करणाऱ्याकडून काहीच जात नाही, जे घडतं ते समोरच्याच्या मनात. १८१९ साली, मृत्यूच्याच वर्षी, त्यांचं पुस्तक पॅरिसला निघालं. याला मी झारेकऱ्याचा शोध म्हणतो. पण पुस्तकातल्या चौकटीत नाव, साल आणि 'शोध' एवढंच मावतं. द्रव कुठे गेला, हे सांगायला तासिका पुरत नाही.

आणि पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताला विसरून कसं चालेल! ग्रीक वैद्यांनी भारतीय औषधांबद्दल लिहून ठेवलेल्या चुका दाखवणारं त्याचं पुस्तक १५६३ साली इथे गोव्यातच छापलं गेलं, एकनाथांच्या एकवीस वर्षं आधी. दुसऱ्यांच्या चुका काढणारं ते पुस्तक स्वतःच छपाईच्या चुकांनी इतकं भरलेलं होतं, की शेवटी लांबलचक शुद्धिपत्र जोडावं लागलं. शुद्धिपत्र, पुन्हा शुध्! पणजीच्या चर्चसमोरच्या बागेला त्याचं नाव आहे. बाकावर बसून भेळ खाताना मला हटकून मुद्रितशोधक आठवतो.

हो, दुर्बीण राहिलीच. टीचर, 'दुर्बीण बनवली' असं सरळ लिहा, कुठे काही अडत नाही. चंद्रांना 'प्रथम पाहिले' पुरे. 'शोध' राखून ठेवा, फारियांसारख्यांसाठी. परीक्षेत 'जोड्या लावा' आलं तर मात्र छापील उत्तरच लिहायला सांगा, पोरांचे मार्क जायला नकोत.